गारवा भिंतीत असतो

गुलमंडी, राजाबाजार किंवा बेगमपुऱ्यातला जुना वाडा राहण्याजोगा करायचे ठरले की चर्चा सुरू होते ती फरशी, दिवे आणि रंगाची. वाड्यात शिरल्यावर मन ज्यामुळे निवांत होते ते मात्र यातल्या कशातच नसते. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास वसवलेल्या खडकीचे 1653 मध्ये औरंगाबाद झाले, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. या चार शतकांत राज्यकर्ते बदलले, पण मे महिन्यातले चाळिशीपलीकडचे ऊन तेच राहिले आणि त्यावरचा उपायही बराच काळ एकच होता: काळ्या दगडाचे जोते, दोन फुटांहून जाड भिंती, मातीचे माळवद आणि मधोमध मोकळा चौक. दुपारची झळ जाड भिंत ओलांडेपर्यंत संध्याकाळ होते. रात्री चौकातली ऊब वर निघून जाते. म्हणून वाडा शांत आणि नैसर्गिक घर व्हावा असे वाटत असेल, तर पहिला पैसा चुन्यावर घालावा आणि चौकावर पत्रा टाकू नये, असे माझे ठाम मत आहे.

चुन्याचा आग्रह जुन्याच्या हौसेपोटी नाही. माती, भाजकी वीट आणि चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून हवेत सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. मग लोणा उंच चढत जातो, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात आणि घरमालक आणखी जाड सिमेंट थापतो. खरे नुकसान दिसत नाही ते सागवानी तुळईच्या टोकाला. हे टोक भिंतीत रुतलेले असते. कोंडलेल्या ओलीने ते आतून कुजते, वाळवीलाही आयते रान मिळते. माळवद मधे बसू लागते तेव्हाच कळते, आणि तोवर तुळई बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

या कारागिरीत सर्वांत चिवट वस्तू म्हणजे चुन्याची घाणी. जमिनीत दगडी गोल चर, मधे खुंटा आणि चरातून फिरणारे जड दगडी चाक. बैल फिरतो, चाक फिरते. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर अशा घाण्या अजून दिसतात. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मुरवायचा, मग वाळू आणि विटांच्या भुकटीची सुरखी घालून लोण्यासारखा होईतो दळायचा. गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरडा हे ज्याच्या त्याच्या पद्धतीने. आता बैलाची जागा विजेच्या चक्कीने घेतली तरी घाई चालत नाही. पातळ थर द्यायचा, थापीने ठोकायचा, ओला राखायचा, मग दुसरा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत चुन्याचा पुन्हा दगड होतो आणि हे काम वर्षानुवर्षे चालू राहते. याची साक्ष शहरातच आहे. 1660 च्या दशकातल्या बीबी का मकबऱ्याचा संगमरवर मुख्यतः खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटापुरता. बाकी बरीचशी शोभा बारीक चुनेगच्चीची आहे.

सिमेंट मजबूत असते, हा आक्षेप खरा आहे, पण गैरलागू. वाडा आपल्या जाडीवर उभा असतो; मऊ भिंतीवर कठीण गिलावा बसवला की दोघांची हालचाल जुळत नाही आणि तडे जातात. जुनी घरे अंधारी होती आणि तिथल्या बायकांचा जन्म सारवण्यात व धुरात गेला, हा आक्षेप मात्र मानलाच पाहिजे. त्याचे उत्तर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वायरिंग नव्याने करण्यात आहे. न्हाणीघर तेवढे माळवदावर चढवू नये; नळजोडणी बाहेरच्या भिंतीच्या कडेने, उघडी ठेवावी. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. त्यावर माझ्याकडे एवढेच उत्तर आहे की हे काम खोली-खोलीने करता येते.

याहून कठीण अडचणी वेगळ्याच आहेत. चुना विझवायला आणि गिलावा ओला राखायला रोज पाणी हवे आणि या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. मलिक अंबरच्या नहरीने एके काळी ज्या वस्तीला पाणी पुरवले तिथेच आज टँकर मागवावा लागतो. थापी धरणारे गवंडी थोडे, कारण त्यांच्या मुलांना रोजचे काम स्लॅबवर मिळते. रस्तारुंदीकरणात कित्येक घरांचे दर्शनी भाग गेले. उरलेल्यांना पुढच्या रेषेची धास्ती, मग तुळयांवर पैसा कोण घालणार? सर्वांत अवघड आहेत वाटण्या. चौकातच भिंत उभी राहते आणि दोन्ही भावांचा वारा जातो. एकाने चुना लावला आणि दुसऱ्याने आपला हिस्सा बिल्डरला दिला, तर पाया खणताना सामाईक भिंत उघडी पडते आणि शेजारच्या नव्या गच्चीचे पाणी तिच्यातच मुरते. म्हणून वास्तुविशारदाला बोलावण्याआधी सर्व हिस्सेदारांनी एकत्र बसून चौक, सामाईक भिंत आणि पन्हाळ या तीन गोष्टींचा लेखी करार करावा. चुन्याची गोणी त्यानंतर आणावी.