ट्रॅक्टर ओढतो किती, आवरतो किती?



गाळप हंगामात आम्ही गटागटांतून फिरतो तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येते, "साहेब, ट्रॅक्टर ओढतोय ना, मग भरू द्या की अजून चार मोळ्या!" ओढतो हे खरे, पण उतारावर तो आवरतो का, हे पाहिले पाहिजे. हा हिशोब काट्याच्या पावतीवरून कोणालाही मांडता येतो.

समजा, ट्रॅक्टर २ टनांचा आणि मागे दोन ट्रॉल्या, प्रत्येकी उसासकट साडेसात टन. एकूण १७ टन. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात; ट्रॉलीला बहुधा नसतातच. मागच्या चाकांवर १४०० किलो भार धरला, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर त्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे ८४० किलो रोध मिळतो. ब्रेक आणखी जोरात दाबला तर चाके नुसती घसरतात. इंजिनाने आवरले तरी जोर त्याच दोन चाकांतून येतो. चाकांच्या फिरण्याला होणारा अडथळा टनाला १५ किलो धरून सुमारे २५० किलो. एकूण रोध १०९० किलो.

आता १५ फुटांत १ फूट उतरणारा रस्ता घ्या. तेथे वजनाचा पंधरावा भाग, म्हणजे सुमारे ११३० किलो ओढ गाडीला खाली नेते. रोध १०९० आणि ओढ ११३०! ड्रायव्हर कितीही तरबेज असो, गाडी थांबणार नाही.

एकच ट्रॉली असेल तर एकूण साडेनऊ टन. ओढ ६३०, रोध ९८०, गाडी थांबते. पण रस्ता ओला असला की पकड निम्मी धरावी. मग रोध ५६० वर येतो आणि एक ट्रॉलीसुद्धा आवरत नाही.

तेव्हा भरती सपाट रस्त्यावरून ठरवू नये. फडापासून कारखान्यापर्यंतचा सर्वांत तीव्र उतार पाहून ठरवावी. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ ने मनाई आहेच. तीव्र उतार असेल तर वरच एक ट्रॉली सोडावी, तिच्या चाकांखाली दगड लावावेत आणि दोन खेपा कराव्यात. ब्रेकची दोन्ही पायडले खटक्याने जोडून घ्यावीत. खालचा गिअर उतार लागण्याआधीच टाकावा. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी कधीही सोडू नये.

वाहतूकदाराला खेप भरून हवी असते, आपल्यालाही फड लवकर मोकळा हवा असतो. पण राहिलेल्या मोळ्या उद्याच्या खेपेत येतात. उतारावर समोरून येणारे सायकलवरचे पोर मात्र आपल्याच गावातले असते. भरती चालू असताना बांधावर उभे राहून एवढा हिशोब जरूर करावा.

— ऊस विकास अधिकारी