वासराला मिल्क रिप्लेसर पाजावा का? दूध डेअरीला घालण्याआधी हा हिशेब वाचा

गाय व्याली की गोठ्यातल्या दुधाचे दोन दावेदार होतात : डेअरीचा कॅन आणि वासरू. दुधाचे पैसे लगेच हातात येतात, वासराचे मात्र दोन-अडीच वर्षांनी. त्यामुळे पोट मारले जाते ते बहुतेक वेळा वासराचेच. यावर उपाय म्हणून मिल्क रिप्लेसर विकला जातो. तो नेमका कोणाच्या फायद्याचा?

मिल्क रिप्लेसर म्हणजे काय?
दूध पावडर, व्हे पावडर, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे मिश्रण. कोमट पाण्यात कालवून ते दुधाऐवजी पाजतात. काफ स्टार्टर वेगळा. तो वासराने चावून खायचा खुराक आहे. पाकिटावर प्रथिने २० ते २२ टक्के आहेत का आणि ती कशापासून आली, हे पाहा. पहिले तीन आठवडे वासराला सोयाबीनची प्रथिने नीट पचत नाहीत.

चिकाला पर्याय आहे का?
नाही. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात रोगप्रतिकारशक्ती जवळपास नसते. ती चिकातून मिळते. आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता तासागणिक घटते आणि २४ तासांत संपते. ‘वार पडल्याशिवाय चीक पाजू नये’ हा समज म्हणूनच घातक आहे. जन्मल्यावर तास-दोन तासांत चीक पाजावा. खरवस वासराचे पोट भरल्यावर.

कधी आणि किती पाजायचा?
पहिले चार-पाच दिवस आईचेच दूध. त्यानंतर हळूहळू बदल करावा. रोजचे प्रमाण वजनाच्या साधारण दहा टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, दोन-तीन वेळांत विभागून. पाणी उकळून कोमट करावे आणि पाकिटावरील प्रमाणानेच पावडर घालावी. पैसे वाचवण्यासाठी पातळ केले तर वासरू खंगते. निपलची बाटली किंवा बादली दर वेळी गरम पाण्याने धुवावी. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर आणि स्वच्छ पाणी समोर ठेवावे. वासरू रोज किलोभर खुराक खाऊ लागले की दूध तोडता येते.

पैसे खरेच वाचतात का?
लिटरला १२५ ग्रॅम धरले तर किलोभर पावडरीत ८ लिटर होते. उदाहरणादाखल, पावडर २०० रुपये किलो असेल तर लिटरमागे खर्च २५ रुपये. दुधाला ३२ रुपये मिळत असतील तर बचत ७ रुपये. रोज ३ लिटरप्रमाणे ५० दिवसांत १५० लिटर, म्हणजे १,०५० रुपये. पावडरीचा किलोचा भाव दुधाच्या लिटरच्या भावाच्या आठपट झाला की बचत शून्य. आणि अस्वच्छ बादलीमुळे वासराला एकदा हगवण लागली, तर औषधोपचारातच हे हजार रुपये जातात.

लाल कंधारीला चालेल का?
या तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी लाल कंधारी ही मुख्यतः शेतीकामाची जात. एका वेतात तिचे दूध सरासरी ६०० लिटरच्या आसपास. शिवाय वासरू सोडल्याशिवाय अशा गायी सहसा पान्हा सोडत नाहीत. जास्तीचे दूधच नसेल तर वाचवायचे काय? इथे वासराला आईला पिऊ देणेच स्वस्त आणि सुरक्षित. रोज दहा-पंधरा लिटर देणाऱ्या संकरित गायी, रोजची स्वच्छता आणि वेळ पाळणारे माणूस असेल, तिथेच रिप्लेसरचा विचार करावा. गाय विताना दगावली किंवा तिला दूधच आले नाही, तर मात्र कोणत्याही गोठ्यात तो कामी येतो. फक्त चीक दुसऱ्या ताज्या व्यालेल्या गाईचा मिळवावा.

हे लक्षात ठेवा
वासराला पातळ हगवण लागली, डोळे खोल गेले किंवा त्याने पिणे सोडले, तर वाट पाहू नका. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.