ओठांत फिलर घेताना दुखतं का? कोणती कळ अंगावर काढू नये?

फिलरची सुई ओठांवर चांगलीच झोंबते. म्हणून साधारण तासभर आधी लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम लावतात, बर्फही चालतो. अनेक फिलरमध्ये ०.३ टक्के लिडोकेन मिसळलेलंच असतं, त्यामुळे पुढच्या टोचण्या कमी जाणवतात.

खरी काळजी वेगळीच. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडते, कळ वाढत जाते. बधिरतेमुळे ती उशिरा कळू शकते. अशा वेळी हायलुरोनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज तातडीने टोचावं लागतं.

वावर, जव्हारहून नाशिकला जाऊन फिलर घेणार असाल, तर बधिरपणा उतरण्याआधी परतीची एसटी पकडू नका. डॉक्टरांचा रात्री लागणारा नंबर घ्या. कळ वाढतेय म्हणून पेनकिलर घेऊन झोपणं तर नकोच.