आजाराचे चित्र – लेखांक ७ : बायपोलर म्हणजे दोन चेहरे नव्हेत

बायपोलर डिसऑर्डरवरच्या लेखासोबतचे चित्र बहुधा ठरलेले असते : अर्धा चेहरा हसरा, अर्धा रडका. पाठ्यपुस्तकात चेहऱ्याऐवजी नागमोडी रेषा येते. वर मॅनिया म्हणजे उन्माद, खाली डिप्रेशन, जेवढा चढ तेवढाच उतार. मधुमेह समजावणारा चित्रकार स्वादुपिंड काढू शकतो. इथे काढायचे तरी काय? माझे उत्तर आहे, काळ.

ती नागमोडी रेषा आधी तपासू. अमेरिकेत लुईस जड आणि सहकाऱ्यांनी बायपोलरच्या पहिल्या प्रकाराच्या १४६ रुग्णांची आठवड्यागणिक स्थिती सरासरी १२.८ वर्षे टिपली. २००२ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. डिप्रेशनची लक्षणे ३२ टक्के आठवडे, मॅनिया किंवा सौम्य मॅनियाची ९ टक्के, मिश्र किंवा भराभर पालटणारी सुमारे ६ टक्के. उरलेल्या निम्म्याहून अधिक आठवड्यांत लक्षणे नव्हती. म्हणजे प्रामाणिक आलेखात खालचा भाग वरच्याच्या तिपटीहून मोठा हवा, आणि बराचसा आलेख सपाट. चित्रकार नेमकी हीच सपाट रेषा गाळतात, याचा मला राग येतो. नोकरी, संसार, अभ्यास त्या रेषेवरच उभे राहतात. सोयरीक जुळवणाऱ्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना ती दिसायलाच हवी.

काळ काढण्याची ही रीत जुनी आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन प्रत्येक रुग्णाचे कार्ड करत आणि वर्षानुवर्षे त्यात भर घालत. १९१३ च्या त्यांच्या ग्रंथात वर्षे आणि महिने मांडलेले रंगीत तक्ते आहेत. मॅनियाला लाल, डिप्रेशनला निळा. एका तक्त्यात एका माणसाच्या आजाराची वाटचाल दिसते, आणि तक्ते एकमेकांसारखे नाहीत. एखाद्याला कित्येक वर्षांच्या अंतराने निळी पट्टी, तर एखाद्याचे लाल-निळे एकमेकांना चिकटलेले.

अशाच एका आलेखाने पुढे औषधोपचाराचा वाद पेटवला. १९६७ मध्ये डेन्मार्कचे पॉल बास्ट्रुप आणि मोन्स शाउ यांनी लिथियम हे औषध घेणाऱ्या ८८ स्त्रियांचा अभ्यास छापला. प्रत्येकीच्या आजाराचे झटके लिथियम सुरू होण्यापूर्वी किती आणि नंतर किती, हे त्यांनी रेघांनी दाखवले होते. आधीच्या बाजूला झटक्यांची दाटी, नंतरच्या बाजूला बरीचशी मोकळी जागा. आधी सरासरी दर आठ महिन्यांनी येणारा झटका आता पाच-सात वर्षांनी येत होता. पाहणाऱ्याची खात्री पटावी असेच हे चित्र होते. पण पुढच्याच वर्षी लंडनचे बॅरी ब्लॅकवेल आणि मायकेल शेफर्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हरकत घेतली. वारंवार झटके येणाऱ्याच रुग्ण निवडल्या, तर पुढे झटके आपोआपही विरळ होऊ शकतात. शिवाय कोण औषध घेते आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. हरकत रास्त होती. मग डॅनिश गटाने लिथियमवर असलेल्या ८४ रुग्णांपैकी काहींना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९७० मध्ये निकाल आला. लिथियम चालू असलेल्या ४५ जणींपैकी एकीलाही झटका आला नाही. नकली गोळ्यांवरच्या ३९ पैकी २१ जणींना आला. त्या एकवीस जणींना पुन्हा आजार भोगावा लागला, हे आज लिथियमची गोळी घेणाऱ्याने विसरू नये.

हल्ली मेंदूच्या रंगीत चित्रांचे आकर्षण मोठे आहे. २०१८ मध्ये एनिग्मा या संशोधक गटाने सुमारे साडेसहा हजार लोकांचे एमआरआय तपासले. बायपोलर असलेल्यांच्या मेंदूचे बाह्यपटल काही भागांत सरासरीने किंचित पातळ आढळले. फरक आहे तो सरासरीत. एकाच माणसाचा मेंदू लाल रंगवून ‘हा बायपोलर मेंदू’ असे लिहिणे चूक आहे. तशा चित्रावरून निदान होत नाही.

चित्रकाराची खरी कसोटी लागते ती मिश्र अवस्थेत. मन बुडालेले, पण विचार सुसाट, अंगात स्वस्थता नाही, झोप नाही. वर-खाली जाणाऱ्या एका रेषेवर हिला जागाच नाही, आणि आत्महत्येचा धोका तर इथे विशेष असतो. क्रेपेलिन आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म वायगांड्ट यांनी यासाठी भावना, विचार आणि कृती हे तीन धागे वेगळे मोजले. आलेखातही हे तीन धागे तीन ओळींत काढावेत, चौथ्या ओळीत झोपेचे तास. घरच्या माणसांना वहीत रोज एवढे टिपता येते. अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली, की एरवी ‘नुसती चिडचिड’ म्हणून सांगितला जाणारा आठवडा त्यांना मिश्र अवस्था म्हणून ओळखता येतो.