घरचें यंत्र कीं भाड्याचें? : दोन रेषांचा निवाडा

खरीप तोंडावर आला कीं गांवोगांवीं एक विचार सुरू होतो : यंदां घरचा पॉवर टिलर घ्यावा, कीं भाड्याच्या यंत्रानेंच मशागत उरकावी? शेजाऱ्यानें घेतला म्हणून आपणही कर्ज काढावें, हा कांहीं हिशेब नव्हे. चौकटीच्या कागदावर दोन सरळ रेषा ओढल्या असतां हा निर्णय डोळ्यांस दिसतो. ती रीत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

समजा, घरच्या यंत्रावर कर्जाचें व्याज, घसारा व दुरुस्ती मिळून वर्षास ३०,००० रुपये पडतात; यंत्र चालो वा उभें राहो, हा खर्च चुकत नाहीं. शिवाय इंधन व चालक यांपायीं एकरीं ७०० रुपये. भाड्यानें काम केल्यास एकरीं सरसकट २,२०० रुपये. वर्षांतील काम क्ष एकर व खर्च य रुपये मानल्यास दोन समीकरणें होतात :

य = ३०,००० + ७०० क्ष
य = २,२०० क्ष

(एकच एकर दोनदां मशागत केल्यास काम दोन एकर धरावें.)

अशा अज्ञात राशींस भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत कालक, नीलक अशीं रंगांचीं नांवें दिलीं होतीं. पुढें १६३७ सालीं फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानें भूमिति व बीजगणित यांची सांगड घालणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि समीकरण रेषेनें दाखविण्याची वाट मोकळी झाली.

आतां कागदावर आडवें एक घर म्हणजे १ एकर व उभें एक घर म्हणजे ३,००० रुपये धरा. घरच्या यंत्राची रेषा शून्य एकरांवर १० घरें उंचीपासून निघून ३० एकरांवर १७ घरांपर्यंत जाईल. भाड्याची रेषा शून्यापासून निघून ३० एकरांवर २२ घरांपर्यंत चढेल. दोन्ही रेषा २० एकरांवर एकमेकींस छेदतात. कागदावरील वाचन थोडें चुकूं शकतें, म्हणून ताळा अवश्य पाहावा : २० × २,२०० = ४४,०००; आणि ३०,००० + २० × ७०० = ४४,०००. ताळा जमला.

छेदबिंदूच्या डावीकडे भाडें स्वस्त, उजवीकडे घरचें यंत्र स्वस्त. वर्षास ८ एकर काम असलेल्यास भाड्यानें १७,६०० रुपये लागतात, घरच्या यंत्रानें ३५,६००. म्हणजे दरसाल १८,००० रुपयांची खोट. मात्र तशा तिघांनीं मिळून एकच यंत्र घेतल्यास काम २४ एकर होतें. खर्च ५२,८०० ऐवजीं ४६,८००, व प्रत्येकाचे २,००० रुपये वांचतात.

छेदबिंदु कायमचा नसतो. इंधन महागून एकरीं खर्च १,००० झाला व भाडें तेंच राहिलें, तर तो २५ एकरांवर सरकतो. मग २४ एकरांची भागी देखील तोट्यांत जाते. एकरीं खर्च भाड्याइतकाच झाला, तर रेषा समांतर होऊन कोठेंच मिळत नाहींत. अशा वेळीं कितीही काम असलें तरी यंत्र घेणें परवडत नाहीं.

वरील आंकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपल्या वहींतील आंकडे घालून कर्जरोख्यावर सही करण्यापूर्वीं ह्या दोन रेषा ओढून पाहाव्या. कागदाचा खर्च चार आण्यांच्या तोलाचा. चुकलेल्या कर्जाचा भार मात्र वर्षानुवर्षें वाहावा लागतो.