मूल पाय आत वळवून चालतंय?

‘‘डॉक्टर, हा पाय आत वळवून चालतो, सारखा अडखळून पडतो. स्पेशल बूट घेऊ का?’’ उपनगरातल्या आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न नेहमीचा. उत्तर बहुधा एकच : नको, वाट पाहा.

तान्ह्या बाळात पंजा, दोनेक वर्षांच्या मुलात नडगी, तर चार-पाच वर्षांच्या मुलात मांडीचे हाड आत वळलेले असते. आठ-दहा वर्षांपर्यंत बहुतेकांचे पाय आपोआप सरळ होतात. महागड्या बुटांनी किंवा मालिशने ते लवकर होत नाहीत.

मात्र वळण एकाच पायात असेल, वाढत असेल, मूल लंगडत असेल किंवा पाय दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

जन्मतःच पाऊल आत वळलेले, ताठ आणि हाताने सरळ न होणारे असेल, तर तो ‘क्लबफूट’ असू शकतो. तिथे थांबू नका. पहिल्या काही आठवड्यांतच पोन्सेटी पद्धतीचे प्लास्टर सुरू करावे. ते दर आठवड्याला बदलतात. त्यानंतरचा रात्रीचा ब्रेस साधारण चार वर्षांपर्यंत सोडू नये. सोडला तर पाऊल पुन्हा वळते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयात चौकशी करा.