बायोप्सीचा रिपोर्ट उशिरा का येतो?

‘तुकडा तर काढला, मग रिपोर्टला चार-पाच दिवस कशाला?’ बायोप्सीनंतर घरातलं कोणीतरी हे विचारतंच. ते दिवस जातात तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याजोगा करण्यात.

शरीराबाहेर पडलेलं ऊतक लगेच कुजायला लागतं. पेशींतलीच विकरं पेशींना खातात. ते थांबवतं फॉर्मलिन. १८९३ मध्ये फ्रँकफर्टच्या फर्डिनांड ब्लूम यांना हा गुण सापडला. जंतुनाशक म्हणून ते फॉर्मलिन तपासत होते आणि त्यांच्याच बोटांची त्वचा कडक झाली! आजही प्रयोगशाळेत दहा टक्के फॉर्मलिनच वापरतात, तेही तुकड्याच्या १० ते २० पट. ते आत झिरपतं मात्र सावकाश. मोठी गाठ न चिरता तशीच बुडवली, तर बाहेरून टिकते आणि आतून सडते. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा तर टिकतच नाही. आपल्याकडे लहान गावांत बरणी बऱ्याचदा नातेवाइकांच्या हाती देतात. निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराच : आत फॉर्मलिन आहे ना, आणि बरणीवर रुग्णाचं नाव आहे ना.

पुढे पॅथॉलॉजिस्ट गाठ मोजून, चिरून नेमके भाग छोट्या जाळीदार कॅसेटमध्ये भरतात. यंत्रात रात्रभर अल्कोहोल पाणी काढून घेतं, झायलीन अल्कोहोल काढतं आणि त्या जागी वितळलेलं पॅराफिन मेण शिरतं. हाडाचा तुकडा असेल तर त्याआधी आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. त्यात आणखी काही दिवस जातात.

खरी कसोटी मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर. टेक्निशियन तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक बर्फावर गार करतात आणि चाक एका लयीत फिरवतात. पात्यावरून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप एकमेकांना चिकटून पट्टीसारखे उतरतात. ती पट्टी कोमट पाण्यावर तरंगवली की सुरकुत्या सुटतात. मग काचपट्टी खालून सरकवून काप अलगद उचलायचा. पात्याला बारीकशी खोच असली, तरी कापावर उभी रेघ उमटते. ब्लॉकमध्ये त्वचा आडवी बसली असेल, तर रोग किती खोल गेलाय हे कळतच नाही. हे कसब हातात मुरायला वर्षं लागतात आणि रिपोर्टवर या हातांचं नाव नसतं, याची मला खंत वाटते.

शेवटी रंग : हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्रं निळी-जांभळी, इओसिनने बाकीचं गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन मिळतं मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून.

ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. दुसरं मत घ्यायला मुंबईत टाटा मेमोरियलला जायचं असेल, तर रिपोर्टच्या कागदासोबत स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. तिथले डॉक्टर ते स्वतः पुन्हा तपासतात.